कराची वही आणि अमेरिकेतील लोकचळवळी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास वाचताना एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ज्या राष्ट्राचा जन्म कराविरुद्धच्या बंडातून झाला, त्याच राष्ट्रातील सुधारणावाद्यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत वारंवार हाती घेतलेले शस्त्र म्हणजे कर हेच होय. प्रचंड कंपन्यांच्या मिळकतीला समाजाच्या हिशेबात आणावयाचे, तर कर; मशीनगनचा सुळसुळाट थांबवावयाचा, तर कर; आणि तापत चाललेल्या पृथ्वीला आवर घालावयाचा, तर त्यासाठीही अखेरीस आश्रय कराचाच. हे तीन प्रश्न वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे. परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे: खाजगी हाती असलेल्या सामर्थ्याची किंमत जेव्हा इतरांना मोजावी लागते, तेव्हा समाजाने काय करावे? तेथील लोकचळवळींनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते, आणि त्या उत्तरातील उणीव, ही दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील तेलशुद्धीकरणाचा बहुतेक सारा व्यवसाय जॉन रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल या संस्थेच्या हाती एकवटला होता. रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार करून वाहतुकीच्या दरात सवलती मिळवावयाच्या, आणि ज्यांना त्या मिळत नाहीत अशा लहान व्यापाऱ्यांना बाजारातून उठवावयाचे, ही तिची रीत होती. पेनसिल्व्हेनियातील तेलाच्या प्रदेशात वाढलेल्या आयडा टार्बेल या लेखिकेने हे आपल्या लहानपणी पाहिले होते. तिचे वडील त्याच लहान व्यावसायिकांपैकी एक होते. १९०२ च्या नोव्हेंबरपासून ‘मक्ल्यूअर्स’ मासिकात तिची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या लेखनात आवेशापेक्षा कागदपत्रेच अधिक होती. न्यायालयातील साक्षी, चौकशी समित्यांचे अहवाल, जुने करारमदार यांतून तिने एकेक दुवा जुळविला. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे विभाजन करण्याचा आदेश कायम केला आणि तिच्यातून ३४ निरनिराळ्या कंपन्या निघाल्या.

परंतु एका कंपनीचे तुकडे करणे निराळे आणि सर्व कंपन्यांना समाजाच्या खर्चाचा वाटा उचलावयास लावणे निराळे. या दुसऱ्या मार्गात न्यायालय आडवे उभे होते. १८९४ साली अमेरिकन काँग्रेसने ४,००० डॉलरवरील उत्पन्नावर दोन टक्के कर बसविला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो घटनाबाह्य ठरविला. तेव्हा मागणी सुरू झाली ती घटनाच दुरुस्त करण्याची. शेतकऱ्यांच्या संघटना, कामगारांचे पुढारी, पश्चिमेकडील राज्यांतील लोकप्रतिनिधी यांनी ती चौदा वर्षे लावून धरली. १९०९ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी तडजोड काढली. कंपन्यांच्या ५,००० डॉलरवरील नफ्यावर एक टक्का कर लगेच बसवावा, आणि उत्पन्नकरासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव राज्यांकडे पाठवावा, अशी ती तडजोड होती. प्रस्तावाला मत देणाऱ्या कित्येक पुराणमतवादी सीनेटरांची अटकळ अशी, की तीन चतुर्थांश राज्यांची संमती काही मिळावयाची नाही. ती अटकळ साफ चुकली. १९१३ च्या फेब्रुवारीत सोळावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि ऑक्टोबरात उत्पन्नकराचा कायदा झाला.

या दोन तारखांच्या मधोमध, जुलै महिन्यात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते भीमराव आंबेडकर होत. त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन हे चढत्या उत्पन्नकराचे अमेरिकेतील अग्रगण्य पुरस्कर्ते होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. कर कोणावर पडतो आणि त्याचा उपयोग कोणासाठी होतो, या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी केला तो अशा वातावरणात, की जेथे त्या प्रश्नाचा निकाल नुकताच राष्ट्राने आपल्या घटनेत लिहून ठेवला होता.

शस्त्रांचा प्रश्न याच पिढीपुढे एका दुःखद घटनेने उभा राहिला. डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हा टार्बेलच्याच परंपरेतील लेखक. धनिकांच्या मुठीत गेलेल्या सीनेटवर त्याने १९०६ मध्ये लिहिलेली लेखमाला गाजली होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चिडून अशा लेखकांना ‘घाण उपसणारे’ म्हटले, आणि ते नाव त्यांना बिरुदासारखे चिकटले. १९११ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये भर दिवसा एका मनोरुग्णाने फिलिप्सवर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने लपवून बाळगता येईल अशा प्रत्येक पिस्तुलासाठी परवाना आवश्यक ठरविला. गंमत अशी, की हा कायदा ज्या सलिव्हन यांच्या नावाने ओळखला जातो, ते कोणी साधुपुरुष नव्हते. सुधारणावादी ज्या टॅमनी हॉलवर भ्रष्टाचाराचे आरोप करीत, त्याच गोटातील ते पुढारी होते. चांगला कायदा होण्यास नेहमीच चांगली माणसे लागतात असे नाही. मात्र मागे लोकमताचा रेटा लागतो.

सलिव्हन कायदा एका राज्यापुरता होता. १९२९ मध्ये शिकागो शहरात टोळीयुद्धात सात माणसांना मशीनगनने एका रांगेत ठार करण्यात आले, तेव्हा साऱ्या राष्ट्राचे डोळे उघडले. परंतु गुन्ह्यांचा बंदोबस्त हा तेथे मुख्यतः राज्यांचा अधिकार. केंद्र सरकारने काय करावे? केंद्राजवळ एक निर्विवाद अधिकार होता, तो कर बसविण्याचा. १९३४ च्या कायद्याने मशीनगन, नळी आखूड केलेल्या बंदुका आणि आवाज दाबणारे सायलेन्सर यांच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर आणि सक्तीची नोंदणी बसविली. त्या काळी हा कर म्हणजे जवळजवळ शस्त्राच्या किमतीएवढा भुर्दंड होता. मूळ मसुद्यात साधी पिस्तुलेही होती. विरोध झाल्यावर ती वगळण्यात आली. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हा वैध कर आहे. जे काम थेट बंदीने साधले नसते, ते कराच्या वहीतून साधले.

येथे विरोधकांची बाजूही पाहिली पाहिजे. शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत नमूद आहे, आणि दूरच्या खेड्यात, पोलीस चौकीपासून कोसो कोस अंतरावर राहणाऱ्या माणसाला तो पोकळ शब्द वाटत नाही. कंपन्यांवर जबर कर लावला तर भांडवल परदेशी जाईल, हा आक्षेपही नुसता स्वार्थाचा नाही. १९५० नंतरच्या दशकात ५२ टक्क्यांपर्यंत असलेला अमेरिकन कंपनीकर १९८६ च्या कायद्याने ३४ टक्क्यांवर आला, १९९३ मध्ये ३५ झाला आणि २०१७ च्या कायद्याने २१ टक्क्यांवर उतरला, तो याच युक्तिवादाच्या बळावर. लोकशाहीत सुधारणा म्हणजे शत्रूचा पराभव नव्हे. ज्यांना ती नको आहे अशा कोट्यवधी नागरिकांसह तेथे पुढेही नांदावयाचे असते.

तिसरा प्रश्न हवामानाचा. त्याच्यामागे पिस्तुलाच्या गोळीसारखी एखादी क्षणात घडणारी घटना नाही, म्हणून लोकमत जागे करणे येथे सर्वांत अवघड. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कार्बन डायॉक्साइडचे मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता; आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. १९६५ मध्येच अध्यक्ष जॉन्सन यांच्या विज्ञान सल्लागारांनी धोक्याची सूचना दिली. १९८८ च्या जूनमध्ये जेम्स हॅन्सन यांनी सीनेटच्या समितीपुढे साक्ष देऊन तापमानवाढ सुरू झाल्याचे सांगितले. उपाय म्हणून इंधनातील उष्णतेच्या प्रमाणावर कर बसविण्याचा प्रयत्न १९९३ मध्ये झाला. तो प्रतिनिधिगृहात संमत होऊन सीनेटमध्ये बुडाला. २००९ मध्ये कार्बनवर मर्यादा घालणारे विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी प्रतिनिधिगृहातून पार पडले आणि तेही सीनेटमध्ये अडकून संपले.

सीनेटमध्ये असे का व्हावे? तेथील प्रथेनुसार बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबविण्यास शंभरांपैकी ६० मते लागतात. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हुक येथील प्राथमिक शाळेत २० बालके आणि ६ शिक्षक-कर्मचारी गोळीबारात मृत्युमुखी पडले. त्यानंतर शस्त्रखरेदीदारांची चौकशी अधिक व्यापक करणाऱ्या प्रस्तावाला ५४ मते पडली, आणि तरीही तो फेटाळला गेला. या नियमाला मोठा अपवाद आहे तो जमाखर्चाच्या विधेयकांचा: १९७४ च्या कायद्यानुसार त्यांना साधे बहुमत पुरते. म्हणजे कराची वाट ही पुन्हा एकदा सर्वांत जवळची वाट ठरली.

२०१८ च्या नोव्हेंबरात ‘सनराइझ’ चळवळीतील तरुणांनी नॅन्सी पेलोसी यांच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयात ठिय्या दिला, आणि हवामानाचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याचे फळ दिसले. कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या वेस्ट व्हर्जिनियाचे सीनेटर मँचिन यांच्याशी दीर्घ वाटाघाटी होऊन एक कायदा झाला. त्यात कार्बनवर कर नव्हता. उलट सौर व पवनऊर्जा, विजेच्या मोटारी यांना करसवलती होत्या. ऊर्जा आणि हवामान यांसाठी त्यावेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३६९ अब्ज डॉलरची तरतूद होती, आणि एक अब्ज डॉलरहून अधिक नफा दाखविणाऱ्या कंपन्यांनी निदान १५ टक्के कर भरलाच पाहिजे असे बंधन होते. सीनेटमध्ये मते पडली ५० विरुद्ध ५०. उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने कायदा पार पडला.

तीन वर्षे लोटली. २०२५ च्या १ जुलैला त्याच सीनेटमध्ये, त्याच साध्या बहुमताच्या नियमाने, दुसरे एक विधेयक आले. पुन्हा ५० विरुद्ध ५० मते; या वेळी उपाध्यक्ष व्हान्स यांचे मत निर्णायक ठरले. त्या कायद्याने विजेच्या मोटारींची सवलत सप्टेंबरअखेर आणि घरावरील सौरपटलांची सवलत वर्षअखेर बंद केली, सौर व पवनऊर्जेच्या नव्या प्रकल्पांना मुदतीच्या चौकटीत कोंबले आणि कंपनीकराचा दर २१ टक्क्यांवर तसाच ठेवला. त्याच कायद्याच्या एका कोपऱ्यात १९३४ चा तो २०० डॉलरचा करही होता. मशीनगन व स्फोटक साधने यांखेरीज, सायलेन्सर आणि आखूड बंदुका यांच्यावरील तो कर २०२६ च्या १ जानेवारीपासून शून्य झाला. जे कराच्या वहीत लिहिले गेले होते, ते त्याच वहीत, त्याच लेखणीने खोडले गेले.

याच्या शेजारी २०२२ मधील २३ जून हा दिवस ठेवून पाहावा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कच्या परवाना कायद्यातील मुख्य अट रद्द केली. सलिव्हन कायद्याला तेव्हा १११ वर्षे झाली होती. आणि त्याच दिवशी रात्री सीनेटने शस्त्रविषयक नवा कायदा ६५ विरुद्ध ३३ मतांनी संमत केला. त्याआधी एक महिन्याने, टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. या कायद्याच्या बाजूने रिपब्लिकन पक्षाची १५ मते पडली. कायदा माफक होता: एकवीस वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून चौकशी, राज्यांना साहाय्य, मानसिक आरोग्यासाठी निधी. सँडी हुकच्या मातापित्यांनी मागितले होते त्याच्या मानाने फारच थोडे. परंतु २०२५ च्या कायद्याने त्यावर बोळा फिरविला नाही.

इतिहासाचा हा धडा सुखकर नाही. सोळावी घटनादुरुस्ती शंभरांहून अधिक वर्षे टिकली, कारण तिच्यामागे तीन चतुर्थांश राज्ये उभी राहिली, आणि त्यासाठी न्यायालयाच्या निकालापासून अठरा वर्षे वाट पाहावी लागली. एका मताने मिळालेला विजय एका मताने गेला. व्यापक संमतीचा कायदा टिकतो, परंतु त्याच्यासाठी मसुद्यातील पिस्तुले वगळावी लागतात, मागणीचा अर्धा भाग सोडावा लागतो. कंपनीकराच्या बाबतीत असे थांबणे परवडते. बुडालेला कर पुढच्या पिढीला वसूल करता येतो. शाळेत गेलेले मूल परत येत नाही, आणि मौना लोआवरील आकडा मतमोजणीसाठी थांबत नाही. घाई आणि टिकाऊपणा यांतील हा पेच अमेरिकेतील चळवळींना अद्याप सुटलेला नाही. टार्बेलने कागद जुळविण्यात जी वर्षे घालविली, तेवढ्याच चिकाटीने झालेल्या कायद्यावर पहारा ठेवणारे नागरिक पुढल्या काळात किती निघतात, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहील.