धूळपाटी ते क्यूआर कोड

मराठवाड्यातल्या वर्गात साधनांच्या आधी प्रश्न होता तो भाषेचा. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये हा मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

सर्वांत जुने साधन धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की धूळ सारखी करून पुन्हा गिरवायचे. चूक टिकत नसे, त्यामुळे मूल न भिता हात चालवी. शिकवायची रीत साधनातच मुरलेली होती, हे धूळपाटीचे खरे मोठेपण. पुढच्या दगडी पाटीनेही तोच क्रम पाळला.

फळ्याने मात्र लिहिणारा हात मुलाकडून गुरुजींकडे नेला. तो फळाही सगळीकडे नव्हता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ काढावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, तक्ते असे साहित्य मिळावे, एवढेच तिचे मागणे होते.

१९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि दूरदर्शनवरून मराठी शालेय कार्यक्रम येऊ लागले. पण प्रक्षेपणाची वेळ ठरलेली. वर्गात तो धडा झालेला असो वा नसो, चित्र पुढे सरके. शिक्षकाला ते थांबवता येत नसे.

साधन आणि अध्यापन यांचा सांधा कसा जुळवावा, याचा आराखडा उशिरा आला. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की विषय येणे वेगळे आणि तो विषय शिकवता येणे वेगळे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये त्याला तंत्रज्ञानाची जोड दिली. विषय, अध्यापन आणि तंत्र ही तिन्ही ज्ञाने जिथे एकमेकांत मिसळतात, तिथेच तंत्राचा उपयोग होतो, असे ‘टीपॅक’ हा त्यांचा आराखडा सांगतो. रुबेन प्वेंतेदुरा यांच्या ‘सॅमर’ या आराखड्यात तंत्राच्या वापराच्या चार पायऱ्या आहेत. फळ्याऐवजी पडद्यावर तोच मजकूर दाखवणे ही पहिली. तंत्राशिवाय जमलेच नसते असे काम मुलांकडून होणे ही शेवटची.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्या सुमारास अनेक गावांनी लोकवर्गणीतून आपली शाळा ‘डिजिटल’ केली. पुष्कळदा पडदा आधी आला आणि त्यावर काय करायचे हे नंतर ठरले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्रम उलटा ठेवला: आधी धडा, मग त्याला हवी ती ध्वनिफीत किंवा चित्रफीत, आणि शेवटी पुस्तकाच्या पानावर तिचा क्यूआर कोड. मुलाला हवे तितक्या वेळा ती ऐकता येई. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. बालभारतीच्या पुस्तकांतही आता असे कोड असतात. ‘दीक्षा’ या २०१७ पासूनच्या मंचावर ते उघडतात.