जखमेचा हिशेब : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील उपचारांच्या नियमांचा इतिहास

१/ कल्पित योद्ध्याची जखम किती दिवसांत भरून यावी? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु गेली पन्नास वर्षे जगातील सर्वांत प्रसिद्ध भूमिका-खेळाचे रचनाकार याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत. जखम लवकर भरली, तर संकटाची भीती उरत नाही. उशिरा भरली, तर डाव खोळंबतो. या पेचाचा हा इतिहास. 🧵

२/ प्रारंभ युद्धखेळांतून झाला. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात सामान्य सैनिकाला एक घाव पुरेसा असे. घाव बसला की सोंगटी पटाबाहेर. एवढ्या मोठ्या सैन्यात एकाच्या मरणाने कोणाचे मन हळहळत नसे.

३/ त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाचा डाव मांडला. येथे खेळाडूच्या हाती सैन्य नव्हते, एकच पात्र होते. त्या पात्राला नाव होते, स्वभाव होता. ते एकाच घावात मरावे, हे खेळाडूंना रुचेना. आर्नेसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांनी उपाय शोधला तो नौदलाच्या युद्धखेळात. अमेरिकी यादवी युद्धातील चिलखती जहाज एका गोळ्याने बुडत नाही; त्याची सहनशक्ती हळूहळू खचते. माणसालाही तोच हिशेब लागू झाला आणि ‘हिट पॉइंट्स’ ही कल्पना रुजली.

४/ उपचार करणारे ‘क्लेरिक’ हे पात्र मात्र उपचारांसाठी जन्मलेच नव्हते. ब्लॅकमूरमध्ये सर फँग नावाचा व्हँपायर कोणालाच आवरेना. त्याला लगाम घालण्यासाठी चित्रपटांतल्या व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर एक धर्मोपदेशक उभा करण्यात आला. ती भूमिका माइक कार यांनी खेळली. जखमा बऱ्या करणे हे त्याचे जोडकाम होते. पुढे या जोडकामालाच मुख्य काम मानले गेले.

५/ १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्ती निघाली, प्रती अवघ्या १,०००. तीत पहिल्या पातळीवरील क्लेरिककडे एकही मंत्र नसे. दुसऱ्या पातळीवर त्याला पहिला मंत्र मिळे, आणि जखम भरण्याच्या सर्वांत साध्या मंत्राने २ ते ७ अंक परत येत. विश्रांतीचे फळ तर त्याहून तोकडे होते. पहिल्या दिवशी काहीच नाही, पुढे एकेक अंक.

६/ एवढी कंजुषी कशासाठी? भुयारात उतरायचे, धन गोळा करायचे आणि जिवंत परतायचे, हा खेळाचा गाभा होता. कधी परतायचे, हे जखमाच ठरवीत. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये विश्रांतीच्या प्रत्येक दिवसाला एक अंक आणि चार आठवड्यांत संपूर्ण बरे होणे, असा हिशेब होता. याच काळात गायगॅक्स यांनी एक खुलासाही केला. हिट पॉइंट्स म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. त्यांत कौशल्य, नशीब आणि दैवी कृपाही येते. हा खुलासा पुढे फार गाजणार होता.

७/ या व्यवस्थेची किंमत एकाच खेळाडूला मोजावी लागे. क्लेरिकचे बहुतेक मंत्र इतरांच्या मलमपट्टीतच खर्ची पडत. त्यामुळे ‘या वेळी क्लेरिक कोण होणार?’ या प्रश्नावर माना खाली जात. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने तोडगा काढला. तयार ठेवलेला दुसरा मंत्र ऐनवेळी उपचारमंत्रात बदलण्याची मुभा मिळाली.

८/ पण त्याच आवृत्तीत एक साधी कांडीही होती. किंमत ७५० सुवर्णमुद्रा, वापर ५० वेळा, प्रत्येक वापराला सरासरी साडेपाच अंक, म्हणजे एकूण सुमारे २७५ अंक. एका वापराला सहा सेकंद लागत, म्हणजे पूर्वी महिना घेणारे काम पाच मिनिटांच्या आत उरकत असे. प्रत्येक लढाईनंतर सारे पुन्हा ठणठणीत! ‘अजून पुढे जायचे की परतायचे?’ हा जुना प्रश्न बोथट झाला.

९/ २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हिशेबाची वहीच बदलली. उपचारांची मर्यादा आता वैद्याकडे नव्हती, जखमीकडे होती. ‘हीलिंग सर्ज’ने एकूण हिट पॉइंट्सपैकी पाव भाग परत मिळे, योद्ध्याला दिवसाला मुळात ९ सर्ज, जादूगाराला ६. क्लेरिकला उपचार करून त्याच खेपेला प्रहारही करता येऊ लागला. ‘वॉरलॉर्ड’ हे पात्र तर मंत्राशिवाय, केवळ धीर देऊन साथीदारांना उभे करी. ओरडून जखम भरते काय, असा आक्षेप आला. समर्थकांनी उत्तरादाखल गायगॅक्स यांचा जुना खुलासा पुढे केला.

१०/ २०१४ ची पाचवी आवृत्ती आणखी उदार निघाली. आठ तासांच्या विश्रांतीत सर्व हिट पॉइंट्स परत. येथे नवी विसंगती उद्भवली. शून्यावर कोसळलेला वीर एक अंक मिळताच उठून पूर्ण ताकदीने लढू शके; त्यामुळे त्याला आधी सावरण्यापेक्षा पडू देऊन उठवणे फायद्याचे ठरे. कठोर खेळ हवा असणाऱ्यांसाठी दीर्घ विश्रांती सात दिवसांची करण्याचा पर्याय पुस्तकात होता. २०२४ च्या सुधारणेत प्रमुख उपचारमंत्रांचे फासे दुप्पट झाले, म्हणजे कोसळण्यापूर्वीच उपचार करण्याला पुन्हा अर्थ आला.

११/ चार आठवड्यांपासून आठ तासांपर्यंतच्या या प्रवासाला सरळ प्रगती म्हणता येणार नाही. जुन्या नियमांत धोका संपूर्ण मोहिमेवर पसरलेला असे. नव्यांत तो एकेका दिवसात, कधी एकाच लढाईत सामावतो. बदल्यात, पूर्वी इतरांची सेवा करण्यात ज्याचा डाव सरे, त्या खेळाडूलाही आता पराक्रमाची संधी मिळते.

१२/ म्हणून कोणतेही नवे नियमपुस्तक हाती आले की तलवारींच्या आणि राक्षसांच्या पानांआधी विश्रांतीचे पान उघडावे. खेळात मरणाला किती किंमत आहे आणि ती कोणी चुकवायची, हे तिथेच लिहिलेले असते.