थ्रीडी प्रिंटिंगकडे सर्जन कसं पाहतात? छापलेलं हृदय दूर, छापलेला साचा जवळ

एप्रिल 2019 मध्ये तेल अवीव विद्यापीठात 'छापलेल्या' हृदयाचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. प्रा. ताल द्वीर यांच्या गटाने ते माणसाच्या पेशींपासून तयार केलं होतं. फॉरवर्डमध्ये सहसा न येणारी गोष्ट अशी, की ते सशाच्या हृदयाएवढं होतं. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण रक्त पंप करणं त्याला जमत नव्हतं.

हाडांचे, जबड्याचे आणि कवटीचे सर्जन मात्र थ्रीडी प्रिंटिंग खरोखर वापरतात. त्यांचं काम बरंच साधं आहे: ऑपरेशनची आधी तालीम करणं आणि हाड नेमकं कुठे कापायचं ते ठरवणं.

हे होतं कसं?

प्रिंटर प्लास्टिक, रेझिन किंवा धातूच्या पावडरचे पातळ थर एकावर एक रचत वस्तू घडवतो. अमेरिकेतील चक हल यांनी 1984 मध्ये अशा एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. रुग्णाच्या बाबतीत सुरुवात सीटी स्कॅनपासून होते. स्कॅनमधल्या कापांवरून कुणीतरी कॉम्प्युटरवर हाड, रक्तवाहिन्या, गाठ वेगवेगळी आखतं आणि मग ती फाइल प्रिंटरकडे जाते. सर्जन सावध असतात ते या आखणीबद्दल. स्कॅनचे काप जाड असतील, तर डोळ्याच्या खोबणीतलं पातळ हाड मॉडेलमध्ये भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणजे मॉडेल सुबक, पण चुकीचं.

जबड्याचं उदाहरण

तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे किती आहे, हे वेगळं सांगायला नको. गाठ जबड्याच्या हाडात शिरली की तेवढा जबडा काढावा लागतो. त्या जागी पायातलं, नडगीशेजारचं बारीक हाड (फिब्युला) रक्तवाहिन्यांसकट आणून बसवतात. अडचण अशी, की हे हाड सरळ आणि जबडा कमानदार. त्यामुळे त्याचे तिरके तुकडे करून कमान जुळवावी लागते. कोन थोडा चुकला तरी दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, चेहरा वाकडा दिसतो.

पूर्वी हे सगळं थिएटरमध्येच नजरेने आणि अनुभवाने होई. आता रुग्णाच्या स्कॅनवरून छापलेला 'कटिंग गाइड', म्हणजे खाचा असलेला साचा, हाडावर बसवतात आणि त्या खाचेतून करवत चालवतात. टायटॅनियमची पट्टीही आधीच मॉडेलवर वाकवून ठेवता येते. भूल दिलेल्या रुग्णाचा टेबलावरचा वेळ त्यामुळे वाचतो.

सर्जनांची तक्रारही याच साच्याबद्दल आहे. स्कॅन आणि ऑपरेशन यांच्यात आठवडे गेले तर गाठ वाढते, कापायची हद्द बदलते आणि महागडा साचा बाजूला ठेवावा लागतो. अशा वेळी हाताने कापण्याची सवय नसेल तर पंचाईत होते.

जिथे दुसरा मार्ग जवळपास नव्हता

2012 मध्ये मिशिगन विद्यापीठात एका तान्ह्या बाळाची श्वासनलिका सारखी मिटत होती. डॉ. ग्लेन ग्रीन आणि इंजिनिअर स्कॉट हॉलिस्टर यांनी त्याच्या नलिकेच्या मापाचा, शरीरात हळूहळू विरघळणारा आधार छापून बसवला. त्यासाठी अमेरिकी औषध प्रशासनाकडून तातडीची परवानगी घ्यावी लागली. बाळ वाचलं.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये कवटीला जोडलेल्या जुळ्या मुली फेब्रुवारी 2019 मध्ये वेगळ्या झाल्या. काश्मीरमध्ये जन्मलेले न्यूरोसर्जन ओवेस जिलानी आणि डॉ. डेव्हिड डनवे यांच्या चमूने छापलेल्या मॉडेलवर आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत आधी सराव केला होता. ऑपरेशनला एकूण 50 तासांहून जास्त वेळ लागला.

आपल्याकडे 2021 मध्ये काळ्या बुरशीने वरचा जबडा गमावलेल्या काही रुग्णांनाही त्यांच्या मापाचे छापील इम्प्लांट बसवले गेले.

मग सगळीकडे का नाही?

कारण साध्या केसमध्ये फारसा फरक पडत नाही. गुडघा बदलताना रुग्णाच्या मापाचे छापील गाइड वापरून पाहिले गेले, पण नेहमीच्या पद्धतीपेक्षा रुग्णाला ठळक फायदा होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं नाही. 'थ्रीडी तंत्राने गुडघा' अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवा.

स्वस्त प्रिंटरचीही मर्यादा आहे. पीएलए हे प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्हमध्ये तापमान 121 अंश किंवा त्याहून जास्त असतं. असं मॉडेल टेबलावर ठेवून बघायला ठीक, जखमेत नेण्यासाठी नाही.

पैशांचं गणितही सुटलेलं नाही. अमेरिकेत जुलै 2019 मध्ये अशा मॉडेल आणि गाइडसाठी बिलाचे कोड आले, पण ते तात्पुरत्या गटातले होते. कोड आहे म्हणून विमा कंपनी पैसे देईलच असं नाही.

डॉक्टरांनी तुमच्या घरातल्या कुणासाठी हे सुचवलं, तर तीन गोष्टी विचारा. छापणार काय आहेत: मॉडेल, गाइड की शरीरात राहणारं इम्प्लांट? तयार व्हायला किती दिवस लागतील, आणि तेवढं थांबणं चालेल का? मेडिक्लेममध्ये हा खर्च बसतो का?