फेनची जमीन आणि तिचा हिशेब

इंग्लंडच्या पूर्वेस केंब्रिजशायर परगण्यात होम फेन नावाची जागा आहे. तेथे १८५१ च्या सुमारास बिडाचा एक खांब जमिनीत पुरला. त्याचे डोके तेव्हा जमिनीशी बरोबर होते. आज ते सुमारे ४ मीटर उंच दिसते. खांब जागचा हललेला नाही. खाली गेली ती जमीन. ती कोठे गेली, आणि कोणी घालविली, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ही जमीन पीटची. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोचत नाही, म्हणून मेलेले बोरू-लव्हाळे पुरते कुजत नाहीत आणि वर्षाला सुमारे १ मिलिमीटर थर चढतो. पुढचे सारे पाण्याच्या जातीवर अवलंबून. जमिनीतला चुना घेऊन आलेले पाणी असेल तर बोरूचे रान माजते. त्यालाच फेन म्हणतात. थर वाढून त्या पाण्याच्या वर निघाला, की केवळ पावसावर भागवावे लागते, आणि पावसात क्षार नाममात्र. तेथे स्फॅग्नम नावाचे शेवाळ राज्य करते. ते आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरते, असतील-नसतील ते क्षार ओढून घेते, बदल्यात आम्ल सोडते, आणि शेजाऱ्यांना जगणे कठीण करते. (असे काही मालक आम्ही पाहिले आहेत; ते असो.) असल्या उपाशी जमिनीत किडे खाणारी दवबिंदू वनस्पती वाढते, तिची भावंडे आपल्या साताऱ्याच्या कास पठारावरही आहेत.

फेनमधील माणसे वाम मासे, बदके, बोरू, जळणाचे पीट आणि उन्हाळ्यातले गायरान यांवर जगत. हिवतापाने ती बेजार असत, हेही खरे. १६३० मध्ये बेडफर्डचा अर्ल आणि त्याचे भागीदार यांनी पाणी काढण्याचा करार केला. मोबदला ९५,००० एकर जमीन. भांडवल घालणाऱ्यांना तेव्हा ‘साहसी’ म्हणत. साहस पैशाचे, गायरान गेले ते गुरे राखणाऱ्यांचे. डच तज्ज्ञ व्हर्मायडेन याने २१ मैलांचा सरळ कालवा खोदविला. लोकांनी बांध फोडले, चर बुजविले. क्रॉमवेल नावाचा गृहस्थ दर गाईमागे थोडी वर्गणी घेऊन त्यांचा खटला लढविणार, अशी बातमी त्या काळी सरकारदरबारी गेली होती. तोच क्रॉमवेल सत्तेवर आल्यावर १६४९ च्या कायद्याने काम पुन्हा सुरू झाले, आणि १६५० च्या डनबारच्या लढाईत त्यानेच पकडलेले स्कॉटिश कैदी खणावयास आणले गेले. पुढाऱ्यांचा हा अनुभव आपल्याला नवा नाही.

पाणी गेले, काळीभोर जमीन निघाली, पीक अमाप आले. पण पीट स्पंजासारखे आकसले. मग त्यात हवा शिरली, जिवाणूंनी ते खाल्ले आणि हजारो वर्षांचा कार्बन वायू होऊन उडाला. कोरडा भुगा वाऱ्याने नेला. शेते नद्यांच्या खाली गेली, म्हणून पवनचक्क्या आल्या. आणखी खचली, म्हणून १८२० नंतर वाफेची यंत्रे. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात दाखविलेला ॲपोल्डचा पंप लावून व्हिटल्सी मीअर हे विस्तीर्ण सरोवर रिकामे केले. त्याच वेळचा आपला तो खांब. पहिल्या दहा वर्षांतच तो जवळजवळ दीड मीटर उघडा पडला.

एक चमत्कार तेथे पाहावयास मिळतो. जुन्या नद्यांचे गाळाने भरलेले पात्र आकसत नाही, भोवतालचे पीट आकसते. म्हणून एके काळी जे पात्र खोलगट होते ते आज शेतांतून उंच, फिकट वरंब्यासारखे वळणे घेत जाते. त्याला रॉडन म्हणतात, आणि घरे त्यावरच बांधतात, कारण पीटवरची घरे कलतात.

२००१ पासून ‘ग्रेट फेन’ या योजनेत काही शेतांत पाणी परत सोडीत आहेत. पाणकणीस आणि स्फॅग्नम यांची लागवडही करून पाहिली आहे. कार्बन जमिनीत राहावा हा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण त्या काळ्या शेतांतला भाजीपाला गेली कित्येक वर्षे पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांनी काढला आहे. पाणी परत आल्यावर त्यांच्या हातांना कोणते काम आणि काय मजुरी, हे त्यांना आधी विचारले पाहिजे. १६३० मध्ये गायरानवाल्यांना कोणी विचारले नव्हते.