पैसे वाढले की नोंद वाढली? आखातातून घरी येणाऱ्या पैशांचा इतिहास

संशोधनाची तयारी करणारे मित्र हमखास विचारतात, "विषय तर मिळाला, पण त्यात प्रश्न कुठे शोधायचा?" आज एका आकड्यावरून सांगून बघतो.

परदेशातल्या भारतीयांनी देशात पाठवलेली रक्कम १९९०-९१ मध्ये सुमारे २ अब्ज डॉलर होती. १९९६-९७ मध्ये ती १२ अब्जांच्या वर गेली. म्हणजे सहा वर्षांत जवळपास सहापट. पहिला विचार येतो तो असा, की बाहेर जाणारी माणसं वाढली. पण इतक्या कमी काळात माणसं सहापट झाली नव्हती. मग पैसे आले कुठून? त्यासाठी जरा मागे जाऊ.

एक काळ असा होता की कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे आपलाच रुपया चालायचा. रत्नागिरीचा माणूस तिकडे कामाला गेला तर पगारही रुपयात आणि घरी पाठवायचे तेही रुपयात. विनिमय दराची भानगडच नव्हती. पण याच सोयीचा फायदा सोन्याच्या तस्करीला मिळाला. भारतात चोरून सोनं आणायचं, त्याच्या बदल्यात गेलेले रुपये आखातातल्या बँकांमार्फत परत रिझर्व्ह बँकेकडे यायचे आणि त्यापोटी भारताला पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, १९६५ मध्ये बहारीनने. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि कतार, दुबईनेही रुपया सोडला.

इथून पुढे घरी पैसे पाठवणं म्हणजे एक चलन देऊन दुसरं घेणं झालं. आणि खरा खर्च शिरला तो दरात.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामगारांची मागणी वाढली. त्याच वर्षी इकडे परकीय चलन नियमनाचा कडक कायदा झाला, म्हणजे फेरा. सरळ मार्ग बँकेचा: ड्राफ्ट काढा, पोस्टाने पाठवा, तो वटायची वाट बघा. दर सरकारी. दुसरा मार्ग हवाल्याचा: तिकडे दिनार द्यायचे, इकडे कोणीतरी घरी रुपये आणून देणार.

आता हिशेब करू. समजा, ठराविक दिनारांचे बँकेच्या दराने १,००० रुपये होतात आणि वर २० रुपये खर्च आहे. हवालावाला त्याच दिनारांचे १,१०० देतो. नुसती फी बघितली तर फरक २० रुपयांचा वाटतो, प्रत्यक्षात तो १२० चा आहे. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

हवालावाल्याला हे परवडायचं कसं? सोन्याच्या आयातीवर बंधनं असल्यामुळे भारतात सोनं बाहेरपेक्षा महाग होतं. तस्कराला परदेशी चलन हवं होतं आणि ते कामगाराच्या हातात होतं. दिनार तिकडेच राहायचे, त्यांचं सोनं व्हायचं, आणि सोनं विकून आलेले रुपये कामगाराच्या घरी पोहोचायचे. देशाची सीमा दिनारांनी ओलांडलेलीच नसायची. त्यामुळे सरकारी नोंदही नाही.

यात धोका होता. पावती नाही. पैसे बुडाले तर तक्रार कुठे करणार? अशा मार्गाने पैसे घेणं हाच गुन्हा होता. तरीही माणसं त्या वाटेने जायची, कारण घरच्यांच्या हातात जास्त पडायचं. त्यांना नुसतं 'कायदा मोडणारे' म्हणून मोकळं झालो, तर हा हिशेब आपल्या नजरेतून सुटतो.

मग १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून सोनं आणायला परवानगी मिळाली. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोडला. हवाल्याचा जादा दर घटला आणि बँकेचा मार्ग परवडू लागला. २००० मध्ये फेरा जाऊन फेमा लागू झाला. म्हणजे त्या सहापट वाढीत एक मोठा भाग आधीपासून येणाऱ्याच पैशांचा होता, फक्त तो आता वहीत दिसू लागला. मात्र सगळी वाढ याच कारणाने झाली असंही लिहू नका. त्याच काळात संगणक क्षेत्रातली मंडळी अमेरिकेत जात होती, त्यांचेही पैसे यात आहेत. दोन्ही कारणं वेगळी कशी काढायची? सापडला की नाही प्रश्न!

हा जुना हिशेब आजही उपयोगी आहे. 'शून्य शुल्क' अशी जाहिरात दिसली तर त्या दिवशीचा बाजारातला दर आणि ते देतात तो दर शेजारी मांडून बघा. पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे, आणि २०२३ मध्ये आपली यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊशी जोडली गेली. तिथेही मोजायचं तेच: घरी शेवटी किती पोहोचले?

आणि तुमच्या विषयात एखादा आकडा अचानक उडी मारताना दिसला, तर कारणं लिहायला बसण्याआधी तो आकडा कोण, कुठे बसून मोजत होतं, एवढं तपासा.