खिळ्यापासून फॉन्ट-फेसपर्यंत
सावंतवाडीतल्या गंजिफा किंवा लाकडी खेळणी घडवणाऱ्या कारागिराने आज संकेतस्थळ काढले, तर त्यावरील मराठी अक्षर कोणत्या वळणाचे असावे हे तो स्वतः ठरवू शकतो. हा अधिकार त्याच्यापर्यंत कसा पोहोचला, हे पाहण्यासाठी आपण दोन शतके मागे जाऊ. नाना फडणवीसांनी भगवद्गीता छापण्याचे मनावर घेतले होते आणि पुण्यातला एक तांबट त्यासाठी अक्षरे कोरायला शिकला होता. नानांच्या पश्चात तो मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता तिथे छापून निघाली. त्याच वर्षी दूर बंगालमधील श्रीरामपुरात विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या एकेका अक्षरठशांनी, छापले गेले. पत्रा एकाच पानाचा, खिळा मात्र पुन्हा पुन्हा कामाला येणारा. म्हणून पुढचे शतक खिळ्याचे ठरले. मुंबईत जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू यांच्या साथीने घडवलेल्या खिळ्यांवर १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. ज्याच्या पदरी खिळे, त्याचेच वळण, असा तो काळ होता.

संगणकाच्या पडद्याने ही मालकी वाचकाच्या यंत्राकडे नेली. पान कुणीही लिहावे, पण वाचकाच्या यंत्रात असेल तेच अक्षर दिसावे! १९९७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि नेटस्केप यांनी पानासोबत फॉन्ट पाठवण्याच्या दोन वेगळ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या रीती आणल्या. पानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस-२ या १९९८ च्या प्रमाणात पानाला फॉन्ट जोडून देणारा ‘फॉन्ट-फेस’ हा नियम आला. यंत्रांत देवनागरीच नसल्याने भारतीय भाषांच्या वृत्तपत्रांना या सोयीची निकड सर्वाधिक होती. मात्र तेव्हा प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी असल्याने मजकूर दिसे, पण शोधता येत नसे. ही अडचण प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक देणाऱ्या युनिकोडने दूर केली. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघरी पोहोचला, मराठी सर्वत्र वाचता येऊ लागली. पण बहुतेक पाने एकाच चेहऱ्याची झाली.

मग वळण आले. २००८ मध्ये सफारी आणि २००९ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरांनी ‘फॉन्ट-फेस’ साध्या फॉन्ट-फाइलींसाठी खुला केला. फॉन्टची फाइल आटोपशीर करणारे ‘वॉफ’ हे स्वरूप २०१२ मध्ये, तर त्याहून आटोपशीर ‘वॉफ-२’ २०१८ मध्ये प्रमाण ठरले. शेकडो जोडाक्षरे वाहणाऱ्या देवनागरी फॉन्टला हा आटोपशीरपणा फार उपकारक आहे. २०१० मध्ये गुगलचे मोफत फॉन्ट-भांडार उघडले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट तिथे कुणालाही मुक्तपणे वापरता येतो.

आज काम थोडक्यात होते. ‘फॉन्ट-फेस’मध्ये फॉन्टला नाव द्यायचे, फाइलचा पत्ता सांगायचा, मग ‘फॉन्ट-फॅमिली’मध्ये ते नाव आणि त्यामागे एखादा राखीव फॉन्ट लिहायचा. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ दिले, की फाइल येईपर्यंत मजकूर राखीव अक्षरांत वाचता येतो. पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवले, तर फॉन्टमध्ये सोय असल्यास मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतात. तरी ‘दऱ्या’तला र आणि दाट जोडाक्षरे प्रत्यक्ष पाहूनच फॉन्ट निवडावा. एकेकाळी ही पारख निर्णयसागरसारखे छापखाने वाचकांच्या वतीने करत. अधिकारासोबत ती जबाबदारीही आता पान काढणाऱ्याकडे आली आहे.