कॉसमॉस बँक : शनिवार दुपार ते सोमवार सकाळ

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला. त्याचा एक भाग कोल्हापुरातल्या एटीएमांवर घडला. ज्याच्या हाती कुठल्याही संस्थेचा सर्व्हर आहे, त्या प्रत्येकाने हा घटनाक्रम वाचायला हवा.

शुक्रवार, १० ऑगस्ट
अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला : येत्या काही दिवसांत बनावट कार्डांनी जगभरातल्या एटीएमांतून एकाच वेळी पैसे उपसले जाण्याची शक्यता आहे.

शनिवार, ११ ऑगस्ट, दुपारी ३ पूर्वी
दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. एटीएम मात्र चालू. एरवी यंत्रात कार्ड घातले की विचारणा व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या स्विच सर्व्हरकडे येते. स्विच ती खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोअर बँकिंग प्रणालीकडे पाठवतो. खाते आहे का, शिल्लक किती, दिवसाची मर्यादा संपली का, हे तिथे तपासले जाते आणि मगच नोटा बाहेर येतात. चोरट्यांनी घातक प्रोग्राम घुसवून या वाटेत एक तोतया स्विच बसवला होता.

दुपारी ३
पैसे निघू लागले. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोहोचतच नव्हती. तोतया स्विच परस्पर ‘मंजूर’ कळवत होता.

दुपारी ३ ते रात्री १०
२८ देशांत व्हिसाच्या सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपेच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी. एकूण व्यवहार १४,८४९, म्हणजे मिनिटाला सरासरी ३५.

कोल्हापुरात त्याच दिवशी ९५ बनावट कार्डांनी सुमारे ८९ लाख रुपये काढले गेले. एका कार्डामागे सरासरी ९४ हजार. मर्यादा तपासणारी यंत्रणाच वळसा घालून टाळलेली असल्याने इतकी रक्कम निघू शकली. ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही. जात होता तो बँकेचा पैसा.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०
दुसरा घाव बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठीच्या स्विफ्ट यंत्रणेवर. १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाख.

मंगळवार, १४ ऑगस्ट
चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल. पुढे पैसे काढणारे हस्तक पकडले गेले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्यामागे उत्तर कोरिया असल्याचे म्हटले.

त्यानंतर
२ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकी सरकारने ‘फास्टकॅश’ या अशाच हल्ल्यांच्या पद्धतीची माहिती उघड केली. या हल्ल्यांतल्या ज्या स्विच सर्व्हरांचा तपास झाला, त्यांवर एआयएक्स या युनिक्स प्रणालीच्या कालबाह्य आवृत्त्या होत्या. ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने या आवृत्त्यांना अपडेट देणे केव्हाच थांबवले होते. २०२४ मध्ये फास्टकॅशची उबंटू लिनक्सवर चालणारी आवृत्तीही सापडली. शिल्लक नसल्यामुळे नाकारलेला व्यवहार ती स्विचच्या चालू प्रोसेसमध्ये शिरून मंजूर करून टाकते.

सर्व्हर क्लाउडवर नेला म्हणून तो अद्ययावत आणि सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संपत नाही. यंत्र आणि इमारत क्लाउड कंपनी सांभाळते. व्हर्च्युअल मशीनमधले लिनक्स आपणच सांभाळायचे असते. सुरक्षा अपडेट वेळेवर टाका. थेट रूट लॉगिन बंद करा, पासवर्डऐवजी एसएसएच की वापरा. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी काढा. फायरवॉलमध्ये लागतील तेवढेच पोर्ट उघडे ठेवा आणि सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरही बंधन घाला. कोण लॉगिन झाले, कोणती नवी प्रोसेस चालू आहे, हे रोज पाहा. लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण घुसखोर अनेकदा आधी लॉगच पुसतो. पैशांचा व्यवहार असेल तर बाहेर दिलेल्या मंजुऱ्या आणि आतल्या नोंदी यांचा ताळा सतत घ्या, तफावत दिसताच फोन वाजू द्या.

कोल्हापूर जिल्हा सहकारावर उभा आहे. इथल्या बँका, पतसंस्था, दूध संघ आणि साखर कारखान्यांच्या संचालकांनी पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारावा : दुसऱ्या शनिवारी दुपारी ३ वाजता आपल्या सर्व्हरवर लक्ष कोणाचे असते? उत्तरात एका माणसाचे नाव आलेच पाहिजे.